दोरीवरचा चिमटा

हॅलो?… हो, बोल… नाही गं, जेवणं झाली, मोकळीच आहे… उद्याचा पाठ आईवर करून बघायचाय? अगं, मला शाळा सोडून जमाना झाला… बरं बरं. मुख्याध्यापिका मागच्या बाकावर बसणार, पाठ पसंत पडला तरच नोकरी कायम. कळलं. कर सुरू, मीच तुझा वर्ग.

तरंग… हं… दोरी? आहे ना, कपडे वाळत घालायची. थांब, फोन खांद्यात धरते… एक टोक खिडकीच्या गजाला बांधलं. मधोमध चिमटा लावू? लावला. आता झटका…

अगंबाई, उंचवटा सरसर पळाला की खिडकीपर्यंत. आणि चिमटा… चिमटा तिथेच! नुसता वरखाली नाचला. मला वाटलं, लाटेबरोबर तोही जाणार पलीकडे… सगळी मुलं हेच म्हणतात? मग बरोबर चाललंय माझं.

अवतरंग. लाट पुढे, दोरी वरखाली… आणि जोरात हलवलं तर? लाट उंच होईल, पण वेग तोच? हे काही पटत नाही हं. थांब, बघतेच… अय्या, गाठ सुटली.

…आहे, आहे मी. तुझे बाबा उठून आलेत, दोरीचं टोक धरून उभे आहेत… छे, बोलतायत कुठले. घरचं सोफ्याचं दुकान सोडून तू शिकवायला गेलीस, ते अजून पचलेलं नाही त्यांना. मला मात्र रोज म्हणतात, ती जेवली का विचार… हो, हो… अगं ऐक ना, त्यांनी दोरी ताणून धरलीय, तर लाट आणखी भरभर गेली… ताणलं की वेग वाढतो? अहो, बरोबर आहे म्हणतेय ती.

आता दुसरा प्रकार? स्प्रिंग हवी? स्प्रिंगांना काय तोटा या घरात. अहो, जरा… गेलेसुद्धा आणायला… सोफ्याची नाही गं, ती ताठ. लांब, लवचीक आणलीय. ढकलते हं… वेढे दाटले, विरळ झाले, आणि ती दाटी पुढे पुढे… अनुतरंग. आवाज असाच जातो? म्हणजे मी स्वयंपाकघरातून हाक मारते, तेव्हा माझ्या तोंडची हवा यांच्या कानापर्यंत पोचतच नाही? तरीच.

काय म्हणताय?… अगं, हे म्हणतायत, एका वेढ्याला लाल दोरा बांध. म्हणजे तो जागच्या जागी मागेपुढे होतो ते शेवटच्या बाकावरूनही दिसेल… हो, तेच म्हणाले. तुझ्यासाठीच… रडतेस काय, वेडी… अहो, बांधते म्हणाली… ते विचारतायत, शाळेतली स्प्रिंग धड आहे का… अहो, गंजलीय म्हणतेय… मग ही घेऊन सकाळच्या पहिल्या गाडीने येऊ का, विचारतायत.

थांबा जरा दोघं. इतके महिने हिचं तुम्हाला सांगायचं, तुमचं हिला. तो चिमटा आणि मी, एकच गत. लाटा जातायत पलीकडे, मी आपली जागच्या जागी वरखाली… मला एक सांग बाळा, प्रत्येक लाटेला मधे काहीतरी लागतंच का? दोरी, नाहीतर हवा?… प्रकाशाला नाही लागत? मधे काहीच नसलं तरी पोचतो? मग हे आधी नाही का सांगायचं.

अहो, ती स्प्रिंग ठेवा खाली. धरा फोन.