दुसरा पिसारा

छे हो मावशी, सुंदर कसलं डोंबलाचं! जो बघतो तो हेच म्हणतो. अहो, माझ्या नवऱ्याचा मेंदू आहे तो. हे निळे-हिरवे-लाल दोरे म्हणजे आतल्या नसांच्या वाटा, आणि मधला हा करडा गोळा — ती गाठ. आमच्या सासऱ्यांनी, भाऊंनी, हे चित्र घरच्या ग्रुपवर टाकलं, तर कुणी लिहिलं ‘मोराचा पिसारा!’, कुणी हात जोडले, चुलतसासूबाई म्हणाल्या, या रंगात पैठणी मिळेल का गं? शिसारी आली मला. आणि आमच्या वन्सं, प्रमोदिनीताई — त्यांनी ते लॅमिनेट करून पालीला नेलं, बल्लाळेश्वराच्या पायाशी ठेवून आणलं. हे बघा, कोपऱ्यात कुंकू. पुसावं तर पाप, ठेवावं तर ओकारी — त्यात या जेट्टीवर हा डिझेलचा वास.

हा हिरवा दोरा दिसतो? बोलण्याचा. गाठीला वळसा घालून शहाण्यासारखा बाहेरून गेलाय, म्हणून सगळे खूश. पण मला नको तिथे शहाणपण — ज्यावरून हे चित्र काढलं तोच एमआरआय मी गुपचूप दुसऱ्या हॉस्पिटलात पाठवला. तिथल्या संगणकाने तोच दोरा गाठीतून आरपार नेला! डोकं तेच, माणूस तोच. तिथल्या डॉक्टरबाई म्हणाल्या, हा फोटो नव्हे, संगणकाचा अंदाज आहे. शिवाय कवटी उघडली की मेंदू जरा खचतो, वाटा सरकतात — म्हणून तर ऑपरेशनमध्ये जागं करून बोलतं ठेवतात. दोन्ही चित्रं घेऊन जा, म्हणाल्या, ठरवू दे त्याला. एम.एस्सी. आहे मी, वनस्पतीशास्त्र — पानाच्या शिरा बघून झाड ओळखते, आणि इथे... जाऊ दे.

आज दुपारी सर्जन त्यालाच विचारणार — गाठ सगळी काढायची, की बोलणं सांभाळून थोडी राहू द्यायची? तो काय सांगणार, मला माहितीय. ‘सगळी काढा!’ दोरा बाहेरून जातोय ना! आणि घरी आमची इरा, दोन वर्षांची — एकेक शब्द त्याच्या तोंडचा उचलते, ‘अरे देवा’सुद्धा त्याच्याच सुरात...

नाही हो, दुसरं चित्र त्याला कुठलं दाखवते! हे पहिलं बघितल्यापासून जेवायला लागलाय, शीळ घालतो — मग कशी दाखवू? असं बघू नका. इतका वेळ घरच्यांना नावं ठेवत होते ना? चांगलं दिसलं तेवढं मिरवतात म्हणून? मग मी काय वेगळं केलं! ते आहे माझ्या ओढणीच्या घडीत, पिशवीच्या तळाशी. सांगणार आहे. लाँचमध्ये बसलो की सांगते. नाहीतर गेटवेला उतरल्यावर —

आला. सुश्रुत, इकडे! काही नाही रे, गप्पा चालल्यात. काय? चित्र? हे घे की. दुसरं? दुसरं कुठलं — एकच तर आहे.

मावशी, तुमची लाँच लागली. आमची पुढची. उठा. उठा हो, जाईल.