चाकावरचे उसने हात

मंडळी, ऐका! ज्यानं दुसऱ्याचा हात मोडला त्याला कोंडलं, तर मोडलेला हात जुळतो का हो? — बघा, वैद्यबुवासुद्धा मान हलवताहेत!

एक होतं संस्थान. इवलंसं! पण राजाला हौस मोठी — नवाकोरा तुरुंग बांधला. आता तुरुंग म्हटला की कैदी नको?

मिळाला! विहिरीवर भांडण झालं, अन् येसाजी पैलवानानं केरबा कुंभाराचा हात पिरगाळला — कडकन् मोडला! केरबाची बायको तान्हूबाई दरबारात जाऊन रडली. राजा गरजला, "दोन वर्षं आत टाका!" काय तो जयजयकार! तान्हूबाईलाही बरं वाटलं — खोटं कशाला सांगू?

घरी येऊन बघते, तर चाक थांबलेलं. नवऱ्याचा हात गळ्यात. चूल गार. आणि जयजयकारवाले? आपापल्या घरी जेवत होते!

काही दिवस तिनं कळ काढली. मग तडक दरबारात!

"महाराज, येसाजी काय करतो?"

"बसून आहे," राजा ऐटीत म्हणाला. "दोन वेळा भाकरी, दारात पहारा!"

"आन् आम्ही उपाशी! म्हंजे शिक्षा कुणाला झाली?"

कारभारी कडाडला, "बाई, तुला न्याय मिळालाय!"

"मिळाला की! पण शिजत न्हाई हो त्यो! ह्यांचा हात बरा होईस्तोवर त्याचे हात द्या मला."

"मग जरब कशी राहील?"

"मोडलेला हात रोज समोर बघू द्या त्याला. मग कळंल, कोठडी सोपी का माझी पडवी!"

राजाला हसू फुटलं. सोडला येसाजी — तान्हूबाईच्या हवाली!

आता सगळं गोड झालं म्हणता? छे! येसाजी माती तुडवायचा, अन् तान्हूबाईला वाटायचं, हाच गोळा याच्या थोबाडावर हाणावा. केरबा भिंतीकडे तोंड करून बसायचा. आणि पैलवानाची मडकी? उभी राहायच्या आधीच बसायची!

एकदा असंच मडकं बसलं, अन् एवढा धिप्पाड गडी हुंदके देऊन रडू लागला. "केरबादादा, काय करून बसलो रे मी!"

भिंतीकडून आवाज आला — "पानी कमी घाल, येड्या!"

तान्हूबाईनं ऐकलं. आत गेली, अन् भाकरी एक जास्त थापली.

हसलात? हसा! पण बांधावरून सख्ख्या भावाशी अबोला धरलाय ना? त्याला मनात कोंडून किल्ली कनवटीला लावलीय ना? अहो, तुरुंगाच्या पहारेकऱ्याला निदान पगार मिळतो — तुम्ही जन्मभर फुकट पहारा देताय!