लाल कसा असतो

मल्हारगंजातल्या डोळ्यांच्या दवाखान्यात अनुश्री औषधाचे थेंब घालून, डोळे मिटून बसली होती. डॉक्टरांच्या खोलीतून एक म्हातारं जोडपं बाहेर आलं आणि तिच्या शेजारी बसलं.

“अहो, म्हणजे जन्मापासून तुम्हाला लाल आणि हिरवा सारखाच दिसतो?”

“हो.”

“आणि शाळेत तीस साल प्रकाश शिकवला.”

“शिकवला ना. लाल किरणांची तरंगलांबी किती, काचेतून जाताना ते किती वाकतात, सगळं येतं मला. एक आकडा चुकला नाही कधी.”

“आणि लाल?”

“लाल नाही येत.”

“मला तरी सांगायचं.”

“सायन्सच्या मास्तरनं कसं सांगायचं? तू हसली असतीस.”

“म्हणून टमाटर नेहमी मलाच निवडायला लावता.”

“अगं, ऐक ना. इतक्या किताबा वाचल्या, पण हे एक कुठेच मिळालं नाही. लाल कसा असतो?”

“कसा मतलब? लाल लाल असतो.”

“ते तर मीही शिकवायचो.”

मिटल्या डोळ्यांनी अनुश्रीही उत्तर शोधू लागली.

“पूर्वा झाली, तेव्हा नर्सबाईंनी तिला आणून तुमच्या हातात दिलं. आठवतं? तेव्हा आत काय झालं होतं?”

“एकदम गरम वाटलं. थोडी भीती पण वाटली.”

“बस, तसा.”

“अच्छा.”

खुर्ची जवळ सरकवल्याचा आवाज आला.

“आणि हिरवा?”