आधी पहिली बाजू लावली
२२ जानेवारी १९८४, रविवार. सकाळी दाट धुकं, ऊन अकराला.

जर्मन प्रयोगशील रॉक कुठून ऐकायला घ्यावं, असं विचारताय ना? मग माझी चूक ऐका.

रोलिंग मिलमधून रिटायर झाल्यापासून माझे भाऊजी कुणाशी बोलेनासे झाले होते. ताई म्हणाली, "दिवाकर, वैशाली नगरले तुझ्या घरी ने त्यायले. काही ऐकव."

मी हौसेने एका जर्मन बँडच्या रेकॉर्डची पहिली बाजू लावली. तीत नुसती घरघर आणि किंकाळ्या. भाऊजींनी ताडकन उठून प्लगच उपटला.

"बेरिंग जळून राहिलं, अन् तू बसून काय राहिला?"

मग दुसरी बाजू लावली. ड्रमचा एकच ठेका, न थांबता. मिलमध्ये मोटारीवर ठेवायचे तसा भाऊजींनी टेबलावर तळहात ठेवला. डोळे मिटले. दहा मिनिटांनी हळूच म्हणाले, "मशीन कोणती हाय?"

"मशीन नाही भाऊजी, माणूस वाजवतो."

"मानूस?" त्यांनी हात उचललाच नाही. "एकही ठोका चुकला नाही बे! पुन्हा लाव."

ती बाजू त्या दिवशी चार वेळा वाजली. घरी गेल्यावर भाऊजी ताईशी पावणेदोन तास बोलले.