निपल निंघत नव्हतं

आमी मूळचे पुसदचेच, माहा जनम इथचा, मरण बी इथंच येईन. माहे अब्बा बंदुका दुरुस्त करत, परवाना होता त्याहिचा, मंग तो माह्या नावावर झाला, पण आता बंदुका राह्यल्या कुठी, काय सांगू तुमाले, सालभर एक बंदूक दुकानात येत नाई. मी फवाऱ्याचे पंप करतो, शिलाई मशीन करतो, कुलपं करतो, तरी लोकं अजून बंदूकवाले हबीबचाचाच म्हणते. अब्बाहिचा एकच कायदा होता, बंदूक आली का आंधी गज टाकाचा, मंग बाकीचं बोलाचं. ठासणीची बंदूक तोंडातून भरा लागते ना, बारूद, त्याच्यावर चिंधी, मंग छर्रे, मंग अजून चिंधी, अन् भरली का रिकामी हे वरून कोणाच्या बापाले दिसत नाई. तं गज नयीत, म्हणजे बंदुकीच्या नळीत, टाकाचा, तोंडापाशी अंगठ्यानं धराचा, अन् तोच गज मंग बाहीरून नयीवर ठेवून पाहाचा, बुडापर्यंत पोचला तं खाली हाय, नाई पोचला तं अंदर काही तरी बसलं हाय. मी भेवाडा माणूस हावो, लपवत नाई. सुतळी बॉम्बले बी मी कधी काडी लावली नाई.

तं मागं तुरी शेंगावर होत्या तवा महागावकडच्या एका तांड्यावरून सकरू आला, बंजारा माणूस, चाळिशीचा असन, त्याचा बाप तांड्याचा नायक. बंदूक बापाचीच, कितीक पिढ्यांची कोण जाणे, डुकरांसाठी ठेवलेली. नायकाले वावरातच लकवा मारला, एक अंग गेलं अन् जीभ बी गेली, मंग परवाना पोराच्या नावावर झाला अन् बंदूक पोराच्या हातात आली. सकरू म्हणे चाचा, डुकरं तूर ठेवत नाई, अन् मी घोडा पाडला तं टोपी फुटते पण बार उडत नाई. मी पाह्यलं, तं ज्याच्यावर टोपी बसते ना, ते उलिसकं निपल, टोपीची ठिणगी बारुदाले जाते ते त्याचं छेद गंजानं बुजलेलं अन् आटे नयीत असे धरलेले का तो एकच लोखंडाचा गोटा झालता. म्हटलं हे काढून दुसरं बसवा लागन, पण आंधी सांग, भरलेली हाय का. सकरू म्हणे माह्या याडीची आन, रिकामी हाय, मीच भरलती अन् उडली नाई म्हणून मीच गजाच्या टोकाले पेच, तो स्क्रूवानी आकडा, लावून सारा बार काढला, तांड्यातल्या चार लोकांसमोर काढला.

आता याडी म्हणजे त्याची माय, अन् ते मेलेली, तिची आन कोणी खोटी घेत नाई. तरी मी गज टाकला, अन् गज चार बोटं कमी पडला. सकरू हासला, म्हणे चाचा, तुम्ही बी, माही चिंधी फसून राह्यली असन बुडाशी. असन बाप्पा, चिंधी बी असू शकते, मी कायले नाई म्हणू. नयी लाकडी दस्त्यातून सोडवून टेबलावरच्या शिकंज्यात धरली, निपलावर घासलेट अन् ब्रेकऑइल सोडलं, पाना बसवला, हतोडीनं बारीक बारीक ठोकलं, उलटं, सुलटं, पण ते काही हालेना, अन् त्याचे कोपरेच घसाले लागले. कोपरे गेले तं पाना धरन कायले. सकरू म्हणे चाचा, गरम करा ना, बाजूले वेल्डिंगवाला हाय, एक मिनिटाचं काम, माही गाडी निंघून जाईन. म्हटलं सकरू, गज बुडाले टेकल्याबिगर मी इस्तव जवळ येऊ देत नाई, मी खौलतं पाणी आणतो, नयीत ओततो, बारूद असन तं भिजून जाईन, नसन तं काय नुकसान हाय, तू बस.

मी केटली घेऊन समोरच्या टपरीवर गेलतो. पाणी खौलेपर्यंत किती येळ लागते, पण मले तिथं चैन पडेना, कायची भीती ते बी समजेना, टपरीवाला म्हणे चाचा बीपी वाढला का. केटली घेऊन पलटलो तं शिकंजा खाली, सकरू बी नाई, नयी बी नाई. अन् बाजूच्या दुकानातून तो आवाज, गॅस पेटल्याचा, फरर्र. मी धावलो, ह्या गुडघ्यांनी धावलो. पाह्यतो तं वेल्डिंगवाला काया चष्मा लावून निपलावर गॅसचा जाय मारून राह्यलता, अन् नयी हालू नये म्हणून सकरूनं तिचं तोंड आपल्या पोटाले टेकवून दोन्ही हातानं दाबून धरलतं. पोटाले! मी केटली फेकली, अक्खी केटली, नयीवर, त्या जायावर, पाणी सकरूच्या पायावर बी पडलं, तो बोंबलला, वेल्डिंगवाल्यानं मले शिव्या देल्ल्या, म्हणे बुढा पागल झाला काय बे. मी नयी हिसकून घेतली, बोटं भाजली, तरी सोडली नाई, तोंड आभायाकडे केलं अन् नालीकडे घेऊन पयालो, अन् तिथच्या नळाखाली तोंडातून पाणी भरलं, भरतच राह्यलो.

सकरू लय चिडला, मायंदाळ बोलला. मी आयकून घेतलं. नयी पाण्यानं भरून उभी ठेवली, असरची नमाज पढून आलो, मंग गजाले पेच लावून हल्लूहल्लू फिरवत काढाले बसलो. आंधी चिंधी आली, मंग छर्रे आले, गंजलेले, मंग दुसरी चिंधी, अन् तिच्या मांगं काया चिखल. बारूद, भाऊ. वर वल्ली झालती, पण बुडाशी ढेपा निंघाल्या त्या अजून कोरड्या होत्या. मी सकरूकडे पाह्यलं तं तो बारूदाकडे पाहेच ना, ती चिंधी हातात घेऊन बसलता. लाल कपडा, त्याच्यावर कवडीएवढा आरसा टाचलेला. म्हणे चाचा, मी तं पोत्याचा काथ्या ठासतो, हे माह्या याडीच्या फेटियाचं हाय, तिचा जुना घागरा फाडून बाबाच चिंध्या करे.

मंग सकरूनं सांगतलं तवा मले समजलं. त्याहिच्या घरात रिवाज हाय, रिकामी बंदूक भितीवर टांगत नाई, अपशकुन मानते, हंगाम सरला का बार भरून, टोपी काढून टांगते, अन् ज्याच्या हातात बंदूक देते त्याले तोंडानं सांगते का भरलेली हाय. नायकानं भरून टांगली अन् सांगाच्या आंधीच जीभ गेली, अन् कोणी सांगतलं नाई म्हणून सकरूले वाटलं या बारीले बाबानं भरलीच नसन. सकरूनं त्याच्यावर दुसरा बार भरला, अन् काढला तं आपलाच काढला. याडीची आन त्यानं खरीच घेतलती. ते निपल बुजलेलं नसतं तं दोन बार एका संग उडले असते अन् नयी त्याच्या गालापाशी फाटली असती.

सकरू म्हणे चाचा, बाबा साऱ्या दिवाळीत वरडत होता. मी बंदूक उतरवली का वरडे, बाजेवरून आंग फेके, एका हातानं मले वढे. आमी समजलो का बुढ्याले बंदूक सोडवत नाई, मालकी गेली म्हणून जीव तुटते. माही बायको म्हणे, दिसनच नाई तं वरडन कायले, म्हणून आमी त्याची बाज फिरवून देल्ली, तोंड भितीकडे करून. असं बोलला अन् दुकानातच लेकरावानी रडला.

दुसऱ्या दिवशी नयी खाली होती, गरम केल्यावर निपल चार ठोक्यात निंघालं, नवीन बसवलं. बंदूक पोचवाले मी सोता सकरूसंग तांड्यावर गेलो, मले राहवलंच नाई. बुढा भितीकडे तोंड करून पडला होता. सकरूनं बाज फिरवली, त्याच्या उशाशी बसला, ती लाल चिंधी त्याच्या हातात देल्ली अन् म्हणे बाबा, निंघाला तुमचा बार. बुढ्यानं चिंधी पाह्यली अन् टाकून देल्ली. मंग तो चांगला हात उचलला अन् पोराले चाचपाले लागला, गाल, डोये, दोन्ही हातांची बोटं एकएक करून, मंग छाती, मंग पोट. सारं जागच्या जागी हाय का ते पाहत होता. मी बाहीर येऊन उभा राह्यलो.

तो बुढा अजून हाय. सकरू येते कधीमधी, सांगते का आता बंदूक उतरवली तरी बाबा वरडत नाई, शांत पडून रायते. मले मात्र आजबी ते तोंड त्याच्या पोटाले टेकलेलं दिसते, जेवता जेवता दिसते. मी अल्लाले एवढंच मांगतो, ज्याच्या पोटात सांगाचं राह्यलं असन त्याले एक डाव जीभ देजो, अन् ते नसन होत तं बाजेपाशी बसणाऱ्याले उलिसकी अक्कल देजो.