क्लच नसलेली इम्पाला

नाही, ओरिजिनल नाही — मी सांगणारच होते, तुम्हीच आधी खाली वाकलात. बाहेरून सगळी जुनी इम्पाला आहे, काचा, क्रोम, सीट — फक्त गिअरबॉक्स दुसरा. तोही ऑटोमॅटिकच, पण नंतरच्या सालचा, चार गिअरांचा. जुन्यात दोनच होते. चेहरा कशाला पाडता? गुडघ्याला माती लागलीय, झटकून घ्या. तुमच्या जुन्या गाड्यांच्या क्लबात असली गाडी चालत नसेल — माझ्याकडे रोज चालते.

पप्पा कुलाब्याला एका पारशीण बाईंकडे ड्रायव्हर होते. बाई मुलांकडे परदेशी निघाल्या तेव्हा त्यांनी गाडी पप्पांनाच देऊन टाकली. इथे उमेळ्यात तेव्हा सगळ्या वाड्याच, गाडी गल्लीत वळली की केळीची पानं खिडकीतून आत यायची. आणि हा माझा डावा पाय — बघा, बघा, मला सवय आहे — लहानपणी पोलिओ झाला, तेव्हापासून लोखंडी पट्ट्या. बसमध्ये चढायचं तर एकजण वर ओढणार, एकजण खालून ढकलणार. एका रविवारी देवळातून — चर्चला आम्ही देऊळच म्हणतो — मिस्सावरून आलो आणि पप्पांनी मला स्टिअरिंगमागे बसवलं. म्हणाले, “फेलिशिया, ह्या गाडीला डावा पाय लागतच नाही.” बस्स, एवढंच. क्लच नाही ना हिला — उजव्या पायाने ब्रेक, उजव्यानेच ॲक्सिलेटर. जूचंद्रच्या मिठागरांकडे रस्ता मोकळा असायचा, तिथे शिकले. लायसन्स आहे, पर्समध्ये आहे, दाखवू? नको? सगळे विचारतात म्हणून म्हटलं.

पप्पा गेले, आणि त्यानंतर वर्षभरात गिअरबॉक्स गेला. धोंडूबाईंना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेत होते — शेजारच्या आमच्या — तर इंजिन ओरडतंय आणि गाडी जागची हलत नाही. लोकांनी ढकलत घरी आणली. मग सॅमी, माझा धाकटा भाऊ, जेवताना म्हणाला, डिझेल इंजिन टाकू, साधा क्लचवाला गिअरबॉक्स बसवू, लग्नांना भाड्याने देऊ, ड्रायव्हर ठेवू. करतात हो सगळे तसं, मला माहीत आहे. मी विचारलं, मग मी कशी चालवू? तो माशाचे काटे काढत होता, मान वर न करता म्हणाला, “तुला कुठं जायचं असतं गं?” — रागाने नाही बोलला, तेच लागलं. रागाने बोलला असता तर भांडले असते. मी म्हटलं, “नसेल जायचं. पण जाता आलं पाहिजे.” आणि गाडी पप्पांनी माझ्या नावावर केलीय, हेही सांगितलं. तेव्हा त्याने मान वर केली.

रिटा, माझी मावसबहीण, बहरीनला नर्स होती. तिकडे भंगारात अमेरिकन गाड्यांचे ढीग, मी तिला गिअरबॉक्स बघायला सांगितलं. नोकरी सोडून कायमची परत आली तेव्हा तिच्या फ्रीज-कपाटाबरोबर बोटीतून हा बॉक्स आला, चादरीत गुंडाळून. घरचे म्हणाले ही पण वेडी, ती पण वेडी. वसई पूर्वेला जितेशचं गॅरेज आहे, त्याने बसवला. इंजिनाला बोल्ट बरोबर जुळले, पण बॉक्स लांबीला मोठा — मग मागच्या चाकांकडे जातो तो शाफ्ट कापून आखूड केला, खालचा आधाराचा पट्टा मागे सरकवला. पहिल्यांदा बाहेर काढली तर एव्हरशाईन सिटीजवळ अशी थरथरली, माझे दातावर दात आपटले. जितेश म्हणतो, होईल मॅडम हळूहळू सेट. मी म्हटलं, लोखंड आपोआप सेट होत नाही, उतरव. शाफ्ट उतरवला, परत बॅलन्स करून आणला. मग गिअर उशिरा बदलायला लागले, कार्बुरेटरकडून येणारी केबल परत लावली. तिकडे सॅमी येता-जाता विचारायचा, उडालं का तुझं विमान? महिने गेले. मग एकदा हायवेवर चौथा गिअर पडला आणि इंजिनाचा आवाज एकदम खाली आला. मी मोठ्याने हसले, जितेश घाबरला — त्याला वाटलं काहीतरी तुटलं.

आणि मग सॅमीच्या मुलीचं, क्लाराचं लग्न ठरलं. त्याने नवरीसाठी दुसरी पांढरी गाडी सांगितली. दारात ही उभी असताना. मी विचारलं, का रे? म्हणाला, “फोटो निघतात. तू त्या पट्ट्या वाजवत उतरणार, सगळे तिकडेच बघत बसतील.” — हे मी कोणाला सांगितलेलं नाही. रिटालापण नाही. तुम्हाला का सांगतेय कोण जाणे. लग्नाच्या दिवशी मी मागे गाडी लावून बसले होते, म्हाताऱ्या बायकांना देवळात न्यायला. बँड वाजत होता, पांढऱ्या गाडीचं दार उघडून लोक उभे, आणि क्लारा गाऊन हातात धरून त्या दारावरून पुढे आली, सरळ माझ्या शेजारी बसली. मागे नाही — शेजारी. म्हणाली, “चल आत्या.” सॅमी खिडकीत वाकला, तिला उतर म्हणाला, तिने काच वर केली. मी काय करणार? ॲक्सिलेटर दाबला. देवळाशी मी आधी उतरले, पट्ट्या वाजल्या, सगळ्यांनी बघितलं. बघू दे. तिचं दार मी उघडलं.

तेव्हापासून सॅमी माझ्याशी बोलत नाही. विहिरीपलीकडे घर आहे त्याचं, ते काय, निळ्या खिडक्यांचं. त्याने काय बिघडतं माझं? बाजार मी करते, आता बायकांना दवाखान्यात मीच नेते. आणि गाडी विकत घेऊन हा बॉक्स काढून जुना बसवायचं म्हणता — कशाला? तुम्ही शेडमध्ये झाकून ठेवणार, वर्षातून एकदा बाहेर काढणार, तिला —

काय? सॅमीने पाठवलं तुम्हाला?

असं. आधी नाही सांगितलंत.

त्याचा खोकला कसा आहे? इथपर्यंत ऐकू यायचा, आठवडा झाला ऐकू येत नाही — नाही, नको, सांगू नका. त्याला जे सांगायचं ते तो स्वतः येऊन सांगेल. गाडी विकायची नाही. आणि सरका, चाकाजवळ पाय आहे तुमचा, मला मागे घ्यायचीय.