आधी घरच्या शेळ्या

पूर्णा जंक्शनवर पुण्याची गाडी उशिरा होती. निवृत्त शिक्षक दत्तरावांनी पेपर उघडला खरा, पण कान शेजारच्या मंजुषाकडे आणि तिच्या मामांकडे, शेळ्या राखणाऱ्या आश्रुबांकडे लागले.

"मामा, आमची कंपनी दुकानांतल्या कामगारांची हजेरी ठेवायचं सॉफ्टवेअर बनवते. दुकानं चाळीसची चारशे झाली, म्हणून नवीन बनवलं. सोमवारी सगळ्यांना एकदम द्यायचं का, ते मला ठरवायचंय."

"एकदम? येडी का खुळी?"

"साहेब घाई करायलेत."

"मीबी केली व्हती. सगळा कळप एकदम नव्या रानात घातला. पोटं फुगून सात शेळ्या गेल्या. तवापासून आधी दोनच सोडतो. सांजच्याला त्या रवंथ करायला लागल्या, की मंग बाकीच्या."

"मग आधी दोन दुकानं घेऊ."

"कंची?"

"लहान. ओरडणार नाहीत अशी."

"वा गं पोरी! गरिबाचीच शेळी मरायला? लोकांच्या लय शेळ्या माझ्या जिम्म्यावर हायत. पण आधी सोडतो त्या माझ्या घरच्या."

दत्तरावांनी पेपरचं पान उलटलंच नाही. मंजुषाने साहेबांना फोन लावला.

"सर, सोमवारी दुकानं नकोत. आधी आठवडाभर आपल्याच ऑफिसची हजेरी नव्यावर घेऊ. चुकली तर आपलीच चुकेल... हो सर. बरं सर."

"काय म्हणला साहेब?"

"म्हणाले, पहिली हजेरी त्यांचीच घ्यायची."

"मंग राखंल त्यो कळप."